मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना: रुग्ण आणि घरच्यांसाठी मार्गदर्शन

घरातल्या एखाद्या माणसाचे काहीतरी बिनसले आहे हे घरच्यांच्या लक्षात बहुधा लवकर येते. मानसोपचारतज्ज्ञांच्या दारापर्यंत पोहोचायला मात्र कित्येक महिने, कधी कधी वर्षे जातात. मधल्या काळात पित्ताच्या गोळ्या होतात, टॉनिकच्या बाटल्या संपतात, डोक्याचा स्कॅन होतो, एखाद्या देवस्थानाची वारी होते आणि ‘लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल’ असा सल्लाही कोणीतरी देऊन जाते. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविनाच राहतात. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायला मला जागा दिसत नाही.

या उशिरामागे लोकलाज आहेच. पण तितकेच मोठे कारण असे की, तिथे गेल्यावर नेमके काय होते, कोण काय विचारते, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का, हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि ज्यांना ठाऊक असते ते चारचौघांत बोलत नाहीत. म्हणून पहिली शंका येण्यापासून उपचार मार्गी लागेपर्यंतचा रस्ता इथे क्रमाने मांडला आहे.

पहिली पायरी: बदल ओळखणे

मनाचा आजार पुष्कळदा शरीराच्या तक्रारीच्या रूपाने समोर येतो. छातीत धडधडते, डोके जड राहते, हातापायांना मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. अशा वेळी आधी फॅमिली डॉक्टरांना दाखवणे योग्यच आहे, कारण थायरॉइडचा विकार, रक्तक्षय किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही थकवा आणि उदासी येऊ शकते. परंतु ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणसाला काही झालेलेच नाही, असा अर्थ काढून त्याला ‘नाटकं पुरे झाली’ म्हणणे हा मोठा अन्याय आहे. त्रास खरा असतो. फक्त त्याचे मूळ वेगळ्या ठिकाणी असते.

दुःख आणि आजार यांतला फरक ओळखण्यासाठी झोप, भूक आणि रोजची कामे या तीन गोष्टींकडे पाहावे. उदासी, चिडचिड किंवा कशातच मन न लागणे हे जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकून असेल आणि त्यामुळे आंघोळ, स्वयंपाक, कॉलेज, दुकान अशा साध्या गोष्टी अडू लागल्या असतील, तर दाखवून घ्यावे. घरात कोणी गेल्यानंतरचे दुःख आजार नसते, त्याला वेळ द्यावाच लागतो. मात्र त्या दुःखातही माणूस खाणेपिणे सोडत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर वाट पाहू नये.

काही बदलांच्या बाबतीत दोन आठवडेही थांबायचे नसते. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, शेजारी किंवा घरचेच आपल्या जिवावर उठले आहेत अशी पक्की खात्री असणे, दोन-तीन तासांच्या झोपेवरही प्रचंड उत्साह, अखंड बडबड आणि वाटेल तसा खर्च सुरू होणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांची वेळ घ्यावी. बाळंतिणीच्या बाबतीत तर विशेष जागरूक असावे. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे सर्रास घडते आणि ओसरते. पण ती गोंधळल्यासारखी वागत असेल, झोप पूर्ण उडाली असेल, बाळाविषयी विचित्र किंवा भीतिदायक बोलत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तोवर तिला व बाळाला एकटे ठेवू नये.

जिवाला धोका वाटत असेल तर

‘माझ्यावाचून तुमचं काही अडत नाही’, ‘आता सगळं संपवून टाकावंसं वाटतं’ असे कोणी म्हणाले, एकाएकी वस्तू वाटून टाकू लागले किंवा निरवानिरवीची भाषा करू लागले, तर विषय बदलू नये. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले याने अनेकांना हायसे वाटते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके आणि औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात किंवा शक्य तर घराबाहेर ठेवावा आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. तेवढा वेळ सावरण्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोन-मदतसेवेचा, क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली.

प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात नेणे टाळू नये, किंवा ‘चुकून औषध पोटात गेले’ अशी खोटी माहितीही देऊ नये, कारण डॉक्टरांना खरे कारण कळले नाही तर पुढचे उपचार अर्धेच राहतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची देखभाल व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी मानली जाते.

दुसरी पायरी: कोणाकडे जायचे

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात व बोलण्यातून उपचार करतात, औषधे देत नाहीत; त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती आहे का, हे निःसंकोच विचारावे. समुपदेशक हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. त्यात उत्तम प्रशिक्षण घेतलेली माणसे आहेत, तसेच चार दिवसांच्या शिबिराच्या बळावर पाटी लावलेलेही आहेत, तेव्हा शिक्षण कोठे आणि किती झाले आहे हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. नात्यांतले ताण, परीक्षेची भीती, निर्णय घेता न येणे यांसाठी मानसशास्त्रज्ञांपासून सुरुवात चालते. झोप-भूक उडालेली असेल, भास होत असतील किंवा मरणाचे विचार असतील, तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे.

खासगी फी परवडत नसेल तर उपचार अडत नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याखालील जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात, ज्याला लोक सिव्हिल म्हणतात, मानसोपचाराची ओपीडी असते आणि तिथला चमू ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणीही जातो. तो दिवस कोणता, हे गावातल्या आशाताई किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या केस पेपरच्या खिडकीवर कळते. पुण्याचे ससून, मुंबईचे केईएम यांसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत स्वतंत्र विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, तर गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत गेले की माणूस परत येत नाही, ही भीती अजूनही अनेकांच्या मनात घर करून आहे. प्रत्यक्षात तिथे येणारे कितीतरी रुग्ण ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी जातात. व्यसनासाठी पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून काम करत आहे आणि ठाण्यातील आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली संस्था उपचारांबरोबर लोकशिक्षणासाठीही परिचित आहे.

तिसरी पायरी: घरात विषय काढणे

बऱ्याच घरांत ही पायरी सर्वांत अवघड ठरते. भांडणाच्या भरात ‘तुझं डोकं तपासून घ्यायला पाहिजे’ असे एकदा बोलले गेले की पुढे सहा महिने तो विषय काढता येत नाही. घरात शांतता असताना, ज्याचे त्या व्यक्तीशी पटते अशा एकाच माणसाने, आजाराचे नाव न घेता, दिसणाऱ्या त्रासाबद्दल बोलावे. ‘अरे, महिनाभर बघतेय, तुला रात्रीची झोप नाही आणि जेवणही कमी झालंय. तुझं काही चुकलंय असं मी म्हणत नाहीये. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू या, मी बरोबर येते,’ असे आईने म्हटले तर मुलाला नकार देणे तितके सोपे राहत नाही. वडिलांना किंवा सासऱ्यांना सांगायचे असेल, तर ‘बाबा, तुमच्या झोपेचं काहीतरी करायला हवं’ इथपासून सुरुवात करावी. झोपेची तक्रार कबूल करायला ज्येष्ठांनाही कमीपणा वाटत नाही.

‘माझं बीपी दाखवायचंय, चल सोबत’ असे सांगून फसवून नेऊ नये. दवाखान्याची पाटी वाचताच विश्वास तुटतो आणि संशयाच्या आजारात तर ‘हे सगळे मिळालेले आहेत’ या समजाला घरच्यांनीच पुरावा दिल्यासारखे होते. चहात किंवा आमटीत गोळी कालवून देण्याचेही असेच. कधीतरी ते उघडकीस येते, मग रुग्ण घरचे अन्न घ्यायचे थांबवतो. माणूस अजिबात तयार नसेल, तर पहिल्या वेळी नातेवाइकांनी एकट्याने जाऊन डॉक्टरांना सर्व हकिगत सांगावी. रुग्णाला न पाहता डॉक्टर बहुधा औषध देणार नाहीत, पण त्याला कसे आणावे, कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे, याचे नेमके मार्गदर्शन मिळते.

घरातील कोणाची देवावर किंवा एखाद्या स्थानावर श्रद्धा असेल, तर तिच्याशी वाद घालत बसू नये. दर्शनही चालू राहू द्यावे, औषधही चालू ठेवावे. जिथे देवऋषी किंवा भगत ‘बाहेरचं आहे’ म्हणून मारहाण करतो, साखळीने बांधतो, उपाशी ठेवतो किंवा गोळ्या बंद करायला लावतो, तिथे मात्र जराही भीड ठेवू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे आणि मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

चौथी पायरी: भेटीआधीची नोंद

डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्म्या गोष्टी आठवत नाहीत, म्हणून साध्या वहीत आठ-दहा दिवस नोंद ठेवावी. ती अशी असावी: ‘३ जून. रात्री दोनपर्यंत जागा. सकाळी दूध आणायला गेला नाही. ५ जून. दुकानातून लगेच परत आला, म्हणाला गल्लीतले लोक माझ्याबद्दल बोलतात. रात्री अर्धी पोळी खाल्ली. ६ जून. दिवसभर खोलीची खिडकी बंद.’ अशा नोंदीत ‘फार विचित्र वागतो’ किंवा ‘आळशी झालाय’ अशी मते नसतात. जे पाहिले आणि ऐकले तेवढेच असते आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे असते.

त्याच वहीत आणखी काही गोष्टी लिहाव्यात: त्रास साधारण कधी सुरू झाला, त्याआधी काय घडले, पूर्वी असे झाले होते का, आई-वडिलांच्या बाजूला कोणाला मनाचा आजार, फिट्स किंवा आत्महत्येचा इतिहास आहे का, तंबाखू, दारू किंवा इतर नशा किती. इथे लपवाछपवी करू नये. सध्या चालू असलेल्या सर्व औषधांच्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक काढे आणि पुड्यांसह, पिशवीत घालून न्याव्यात. सोबत जाणारा माणूस रुग्णाबरोबर एकाच घरात राहणारा असावा. शहरातून आलेला मोठा भाऊ कितीही शिकलेला असला तरी रात्री कोण किती झोपले हे त्याला माहीत नसते.

पाचवी पायरी: तपासणीच्या खोलीत

सरकारी ओपीडीत केस पेपर काढून रांगेत बसावे लागते, म्हणून जेवणाची सोय करून सकाळीच पोहोचावे. आत गेल्यावर मुख्य तपासणी म्हणजे बोलणे. झोप, भूक, मूड, काम, नाती यांविषयी प्रश्न येतात. मग आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, असेही विचारले जाते. हा अपमान नाही आणि बुद्धीची परीक्षाही नाही. लक्ष, स्मरण आणि भान कसे आहे हे त्यातून कळते. डॉक्टर रुग्णाशी काही वेळ एकट्याने बोलतात, तेव्हा घरच्यांनी बाहेर थांबावे आणि नंतर ‘काय विचारलं?’ म्हणून उलटतपासणी घेऊ नये. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ ने दिला आहे.

पहिल्याच भेटीत आजाराचे पक्के नाव कळेल असे नाही. काही आजार कालांतरानेच स्पष्ट होतात, त्यामुळे डॉक्टर थांबून पाहत असतील तर त्यांना कळत नाही असे समजू नये. निघण्यापूर्वी हे प्रश्न मात्र विचारून घ्यावेत: औषध कशासाठी आहे, परिणाम दिसायला किती दिवस लागतील, सुरुवातीला कोणता त्रास होऊ शकतो, आणि कोणत्या परिस्थितीत तारखेची वाट न पाहता यायचे.

सहावी पायरी: औषधांचे पहिले तीन महिने

उपचार सर्वाधिक तुटतात ते इथे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे आणि पुरता गुण यायला त्याहून अधिक काळ लागतो; मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो आणि बहुधा ओसरतो. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण असा उलटा क्रम असतो. तो कोणी समजावून न सांगितल्यामुळे ‘गोळीने अजूनच बिघडलं’ म्हणून अनेक जण सहाव्या-सातव्या दिवशी औषध टाकून देतात. पंचविशीच्या आतील तरुणांमध्ये सुरुवातीच्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढतात का, याकडे घरच्यांनी नीट लक्ष ठेवावे आणि तसे दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.

दुसरा धोका बरे वाटू लागल्यावर येतो. नैराश्याच्या पहिल्या झटक्यात पूर्ण बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि मग ते हळूहळू कमी केले जाते; एकदम बंद केले तर चक्कर, झोपमोड, विजेच्या झटक्यासारख्या संवेदना असा त्रास होतो आणि आजारही उलटू शकतो. या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची. त्या डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्‌महिने आणत राहणे, किंवा आपल्या गोळीतली अर्धी शेजारच्या काकूंना देणे, हे कटाक्षाने टाळावे.

भास आणि संशयावरच्या औषधांनी वजन व साखर वाढणे, अंग ताठरणे, हात थरथरणे, झोपेत लाळ गळणे असे परिणाम होऊ शकतात. यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. गोळी किंवा मात्रा बदलता येते, पण ते सांगितले तरच. मूडच्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी ठरलेल्या वेळी रक्ततपासणी चुकवू नये आणि निर्जळी उपवास करू नये, कारण उपवास, उलट्या-जुलाब किंवा भर उन्हातले काम यांमुळे शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियमचे प्रमाण धोकादायक वाढू शकते. अंगदुखीच्या गोळ्याही त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गर्भारपण असेल किंवा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो पहिल्याच भेटीत सांगावा. औषधाची निवड त्यावर अवलंबून असते.

औषधांच्या जोडीला बोलण्याचे उपचार असतात. ते बहुधा आठवड्यातून एकदा, काही महिने चालतात आणि त्यात घरी करायचा सरावही असतो. दोन बैठकांत काही वाटले नाही म्हणून सोडू नये. पण पाच-सहा बैठकांनंतरही सूर जुळत नसेल, तर तसे सांगून दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाण्यात काही गैर नाही.

दाखल करावे लागले तर

बहुतेकांना दाखल करावे लागत नाही. गरज पडलीच, तर रुग्ण स्वतःच्या संमतीने दाखल होऊ शकतो. तो संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर २०१७ च्या कायद्यानुसार नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, कलम ८९ प्रमाणे तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. हा प्रतिनिधी कोण असावा हे प्रत्येक सज्ञान व्यक्ती बरी असतानाच लिहून ठेवू शकते आणि मला हा या कायद्यातला फार मोलाचा भाग वाटतो. भूल न देता विजेचे उपचार करण्यास आणि साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई आहे. आरोग्य विमा असेल, तर शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. ‘मानसिक आजार बसत नाही’ असे उत्तर मिळाल्यास त्याच कायद्याच्या कलम २१ चा उल्लेख करून लेखी खुलासा मागावा.

सांभाळणाऱ्या माणसाने

दीर्घ आजारात सांभाळणारा एकच माणूस, आणि बहुतेक घरांत ती एकच बाई, आधी थकते आणि मग स्वतः आजारी पडते. रात्रीचा पहारा, दवाखान्याची फेरी आणि गोळ्यांचा हिशेब ही कामे सुरुवातीपासूनच दोघातिघांत वाटून घ्यावीत. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था नातेवाइकांचे स्वमदत गट चालवतात. तिथे आपल्यासारखेच दिवस काढलेली माणसे भेटतात आणि कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही.

पुढील भेटींसाठी एक फाईल करावी. पहिल्या कागदावर औषधांची नावे, मात्रा, कोणती कधी बदलली आणि का, हे लिहावे. दुसऱ्यावर आजार सुरू होताना दिसलेली सर्वांत आधीची दोन-तीन लक्षणे, म्हणजे दूध आणायला न जाणे किंवा खिडकी बंद करून बसणे यांसारखी, कारण आजार उलटतो तेव्हा पुष्कळदा तीच आधी दिसतात आणि ती दिसताच तारखेआधी दाखवता येते. सरकारी रुग्णालयात दर काही महिन्यांनी डॉक्टर बदलतात. फाईल नीट असेल, तर नव्या डॉक्टरांना जुन्यांनी जिथे सोडले तिथून पुढे उपचार करता येतात.